आठाची तार

उखर्डूला कुणी रामराम घातला तर तो आधी मागं वळून बघायचा. रामराम खरंच आपल्याला आहे, की आपल्याआडून दुसऱ्याच कुणाला? नारळ घेताना सगळेच हलवून बघतात. हा नारळवाल्याच्या तोंडाकडेही बघून घ्यायचा, की हलवताना त्याच्या चेहऱ्यावर काय हललं. चाळीसगाव स्टेशनात गाडी येत असल्याची घोषणा झाली की बाकीची मंडळी पिशव्या उचलत. हा सिग्नलकडे बघून यायचा. त्याची बायको सुगंधाबाई चारचौघींत सांगायची, "अंतरपाट धरेल व्हता ना, तवय यास्नी खालथून मना पाय देखी लिधात. पोर तीच शे ना, बदली तर नही!" आणि तो जवळच बसलेला असला तर खुशाल मान डोलवायचा. बघितले होते. त्यात काय चुकलं?

रुळापलीकडची ती सगळी गल्ली त्याला हसायची. पण खरं सांगायचं तर दोष त्याचा नव्हता. त्याचं नावच मुळी फसवाफसवीतून आलेलं. त्याच्या आधीची दोन लेकरं आईच्या पदरात टिकली नव्हती. हा झाला तेव्हा जुन्या रिवाजानं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला. सटवीला वाटावं, हा टाकून दिलेला माल आहे, ह्याला काय हात लावायचा! मग घरातल्याच कुणीतरी जायचं आणि 'सापडला' म्हणून उचलून आणायचा. ते काम आलं थोरल्या बहिणीकडे, मंजुळाकडे. परकर खोचून पोरगी उकिरड्यावर चढली, कोंबड्या हुसकल्या, भावाला उचललं आणि आईसमोर धरून म्हणाली, "ल्या, उखर्डावर सापडना." म्हणून उखर्डू. वर चिठ्ठी एक, आत माल दुसरा. अशी ज्याच्या आयुष्याची सुरुवात, तो पुढं कुठल्या डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणार?

एका मंजुळाअक्कावर मात्र ठेवायचा. जगात तेवढी एकच चीज होती, जी त्यानं कधी उघडून बघितली नव्हती.

बाकी सगळं उघडून झालं होतं. धुळ्याच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला, तो दुरुस्तीच्या हौसेपेक्षा आत काय लपवलंय ते बघण्याच्या हौसेनं. पुढं घराच्याच पुढच्या खोलीत दुकान टाकलं. टीव्ही, रेडिओ, शेतकऱ्यांच्या मोटारींचे स्टार्टर, जे येईल ते. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला जळगावात एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला आणि त्याचं सामान भंगारात निघालं. तिथून उखर्डूनं एक हिरवी पाटी आणली. पाटीएवढीच, पण वर काळ्या किड्यांसारख्या चिपा, खाली कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि वर लाल आकड्यांची एक ओळ. ह्याला म्हणायचं मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड. क्लासातली पोरं त्यावर दिवे लावायला-विझवायला शिकत. उखर्डूला दिव्यात रस नव्हता. सोबत मिळालेल्या फाटक्या पुस्तकात त्याला एक वाक्य सापडलं होतं, की ह्या बोर्डाला आठ तारा जोडता येतात आणि प्रत्येक तारेवर वीज आहे की नाही, हे तो सारखं सारखं तपासत राहू शकतो.

सारखं सारखं तपासत राहतो! उखर्डूला सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं.

मग महिनाभर तो त्या पाटीला एकच विद्या शिकवत बसला. आठ तारांवर नजर ठेवायची; वीज असली तर एक, नसली तर शून्य; जे दिसलं ते पोटात साठवायचं आणि विचारलं की क्रमानं ओकायचं. शहरातल्या कंपन्यांत ह्याचं मोठं यंत्र असतं, लॉजिक अॅनालायझर म्हणतात. किंमत विचारायची सोय नाही. उखर्डूचा घरगुती होता. त्याला एकच खोड: लाईट गेली की शिकवलेलं सगळं विसरायचा आणि आमच्याकडे लाईट जाणं म्हणजे कोंबडं आरवण्याइतकं नेमाचं. मग पुन्हा पहिल्यापासून एकेक बटण दाबत धडा घ्यायचा.

"एक बस पत्त्यानी ऱ्हास, एक बस मालनी ऱ्हास," तो सुगंधाबाईला समजावत होता. यंत्राच्या पोटातल्या तारांच्या जुडग्याला बस म्हणतात, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

"कोनती बस?" ती म्हणाली. "धुयानी का जयगावनी? जागा भेटी तर माले बी बसाडी द्या. माहेर जाईसन येस."

असं सगळं हसतखेळत चाललं होतं. तेवढ्यात दिवाळी सरली, थंडी पडली आणि मंजुळाअक्काचं दूध बिघडलं.

अक्का गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक सावद्याला दिलेली, घरात ती आणि म्हैस. दूध सोसायटीत घालायची. सोसायटीतला लॅक्टोमीटर कधीच फुटला होता आणि त्याच्या जागी फॅटचं मशीन आलेलं. चमचाभर दूध त्याला पाजलं की खिडकीत लाल आकडा उमटायचा, सहा-पाच, सहा-सात. तो आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य. अक्काचं दूध पहिल्यापासून घट्ट; सहा-आठ, सहा-नऊ फॅट लागायची. आता एक दिवस सहा-सात, दुसऱ्या दिवशी सहा-शून्य. परवा पुन्हा सहा-सात, तेरवा सहा-एक.

"आज घट्ट, काल पातय!" दुधाच्या ओळीत अक्काच्या मागं नेहमी उभी राहणारी कुंदाबाई म्हणाली. "दूध शे का हवामान शे, अक्का?"

सगळे हसले. असल्या हसण्याला पाय फुटतात. दोन दिवसांत अक्काच्या दुधात पाणी आहे हे गल्लीला ठाऊक झालं, चार दिवसांत ते कुठल्या हातपंपाचं हेही ठरलं. सोसायटीचा सेक्रेटरी भाईदास स्वभावानं वाईट नव्हता, पण नियमाचा गुलाम. त्यानं अक्काला बाजूला घेऊन सांगितलं, "अक्का, येत्या मीटिंगमधे तुमचा विषय निघणार. भेसळ म्हणून नाव लागलं तर दूध बंद करावं लागेल. मी काही करू शकत नाही. मशीनला नातीगोती नसतात."

अक्का घरी आली आणि घागर जोरात खाली ठेवून उखर्डूला म्हणाली, "मनं नाव भेसयमा निंघनं तर मी म्हैस इकीसन सावदाले चालनी जासू. चोर म्हनाईसन ह्या गल्लीमा ऱ्हानार नही." तिनं ते रडून नाही सांगितलं, साधंच सांगितलं. अक्का जे साधं सांगते ते करते.

त्याला लगेच चोर सापडला: भाईदास. मागं पोळ्याच्या मिरवणुकीत कुणाचा बैल पुढं, ह्यावरून भाईदासची आणि त्याची जुंपली होती. तो राग आता बहिणीवर काढतोय, मशीनला आतून काहीतरी फिरवलंय! उखर्डू हिरवी पाटी काखेत मारून सोसायटीत उभा राहिला.

"भाईदास, मशीन उघड. आत काय चालतं ते माले देखनं शे."

भाईदासनं पाटीकडे बघितलं, तिच्या लोंबणाऱ्या तारांकडे बघितलं. आता संशय घ्यायची पाळी त्याची होती. "आणि तू तारा लावून बहिणीची फॅट चढवलीस म्हणजे?"

"ह्या तारा फक्त ऐकतात. बोलत नाहीत."

"गल्लीत तसं कुणीच नाही, तारा कुठून असतील?"

शेवटी ठरलं, की सकाळचं दूध आटोपलं की सगळ्यांसमोर उघडायचं. उखर्डूनं पाटीच्या तारांचे चिमटे लावायचे, स्क्रू काढायचा पेचकस भाईदासच्याच हातात राहील. अक्कानं त्या वेळी ताजं दूध काढून आणायचं. आणि उखर्डूच्या हातांवर कुंदाबाईनं लक्ष ठेवायचं. ह्या कामाला गल्लीत तिच्याइतकं लायक दुसरं कुणी नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सोसायटीच्या ओट्यावर जत्रा जमली. मशीनचं झाकण निघालं. आत दोन ठिकाणं महत्त्वाची: एक त्याचा मेंदू, जो फॅट मोजून आकडा ठरवतो आणि दुसरी खिडकी, जिथं आकडा दिसतो. मेंदूकडून खिडकीच्या शेवटच्या आकड्याकडे चार तारा जातात, आठाची, चाराची, दोनाची आणि एकाची. सहा दाखवायचा तर चाराची आणि दोनाची जागी होते. आठ दाखवायचा तर आठाची एकटीच. नऊ असेल तर आठाची आणि एकाची. वाण्याची वजनंच जणू, हव्या तेवढ्या आकड्याला हवी ती टाकायची. उखर्डूनं चार चिमटे मेंदूजवळ लावले आणि त्याच चार तारांच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीजवळ, उरलेले चार. त्याचा बेत सरळ होता. मेंदू एक बोलतो आणि खिडकी दुसरंच सांगते, असं असेल तर मधे कुणीतरी चुगलखोर आहे. म्हणजे भाईदास.

अक्कानं आणलेलं दूध पाजलं. पाटीनं बघितलं ते साठवलं. उखर्डू एकेक बटण दाबत आकडे वाचू लागला आणि खालच्या शहाबादी फरशीवर खडूनं रेघा ओढू लागला. वीज असली की रेघ पायरी चढायची, नसली की खाली उतरून सरळ चालायची. आठ तारांच्या आठ रेघा.

"ही कशानी रांगोई?" कुंदाबाई म्हणाली. "तुयसनं लगीन शे का?"

रेघा पूर्ण झाल्या. उखर्डू उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत राहिला. मेंदूजवळच्या चार आणि खिडकीजवळच्या चार, तंतोतंत एकसारख्या. आठाची पायरी इकडेही चढलेली, तिकडेही चढलेली. आणि वर खिडकीत सहा-आठ.

"म्हणजे?" भाईदासनं विचारलं.

"म्हणजे… मशीन बरोबर शे," उखर्डूला सांगावंच लागलं.

सगळ्यांच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. कुंदाबाईनं तो तोंडानं पाडला. "मशीन बरोबर, अनी आज दूध बी घट्ट! हां… आज परीक्षा व्हती ना, म्हनीसन निर्मय आनं!"

उखर्डूनं बहिणीसाठी घडवलेली कुऱ्हाड बहिणीच्याच पायावर पडली. इतके दिवस कुजबुज होती. आता खडूनं काढलेला पुरावा झाला. अक्का रिकामं भांडं उचलून चालू लागली. ओट्यावरच्या बायकांनी तिला वाट देताना जरा जास्तच वाट दिली.

आणि उखर्डू? त्या दिवशी दुकानात बसून तो एका टीव्हीच्या पोटात सोल्डर करत होता, पण डोक्यात निराळीच तार जुळत होती. पाटी खोटं बोलणार नाही. तिला त्यानंच शिकवलं होतं. मशीन बरोबर. मग उरलं काय? अक्काची लेक बाळंतपणाला येणार म्हणत होती, खर्च असेल… नाही, छे! पण सटवीला फसवायला उकिरड्यावर चढली ती हीच ना? आठ वर्षांची असताना देवाच्या डोळ्यात धूळ फेकली, मग भाईदासचे डोळे ते काय! विचार मनात आला आणि तो स्वतःच दचकला. पण आलेला विचार परत पाठवायची सवय त्याला कधी नव्हतीच.

संध्याकाळी तो अक्काकडे गेला. ती गोठ्यात धार काढत होती. चुलीशेजारी सकाळचं दूध झाकून ठेवलेलं. उखर्डूनं दाराकडे बघितलं, झाकण उचललं, बोट बुडवलं आणि एक थेंब डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवला. ही परीक्षा सगळ्या खानदेशाला ठाऊक: निर्मळ दूध नखावर मोत्यासारखं उभं राहतं, पाणी असलं की घरंगळतं.

थेंब घरंगळला.

त्यानं पुन्हा थेंब ठेवला. पुन्हा घरंगळला.

"नख धुई ले पहिले," मागून आवाज आला.

अक्का दारात उभी होती, हातात भरलेली चरवी. उखर्डूनं नखाकडे बघितलं. दिवसभराची सोल्डरिंगची पेस्ट त्यावर चोपडलेली, बैलाच्या शिंगाला तेल लावावं तशी चकचकीत. त्यावर दुधाचाच काय, डिंकाचा थेंब टिकला नसता.

"अक्का, मी ते नुस्तं…"

"तू नुस्तं देखी ऱ्हायंता. तुनं काय चुकनं?" तिनं चरवी ठेवली. म्हशीला शिव्या घालाव्यात तेवढ्याही मोठ्यानं ती बोलली नाही. "मी तुले उखर्डावरथून उचलं तवय सुंगीसन देखं नव्हतं, भाऊ."

उखर्डू भिंतीला टेकून खाली बसला. अक्का दूध गाळत राहिली. त्याच्याकडे न बघता, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं म्हणाली, "तू धाकला व्हता तवयपासून देखी ऱ्हायनू. सकायमा उठना की अर्धा घंटा तुले मनं नाव बी आठवे नही. उन्हमा बसाडं की मंग तोंड उघडे. आते ते मशीन. मी जास पहिला नंबरले, थंडीमा. भाईदास कुलूप खोलस, बटन दाबस, अनी झोपमाच त्याले दूध पाजस. झोपमा कोन्ही काय बी बडबडी!"

उखर्डूची मान हळूहळू वर आली.

अक्का पहिली. रोज पहिली. तिच्यानंतर कुंदाबाई, मग सगळी ओळ, तोवर मशीन तापून गरम. आणि त्यानं रेघा कधी काढल्या? ओळ संपल्यावर, उन्हात. कंपनीचा माणूस तपासायला येतो, तोही दुपारच्या गाडीनं. दूध बिघडलं कधी? थंडी पडल्यावर. सहा-आठचं झालं सहा-शून्य, सहा-नऊचं सहा-एक. पण सहा-सात मात्र रोज सहा-सातच!

"आठ गया," तो म्हणाला.

"कोन गया?" अक्का दचकली.

"आठ, अक्का! आठमाईन आठ गया का शून्य. नऊमाईन आठ गया का एक. सातमा आठ शेच नही, म्हनीसन सात वाचना! आठनी तार थंडीमा झोपी जास!" आणि तो चपला न घालता पळाला.

भाईदासला पटवणं सोपं गेलं नाही. "सकाळी बरोबर होतं म्हणालास. आता चूक म्हणतोस. उद्या?" पण उखर्डूचे हात जोडलेले त्यानं पहिल्यांदाच बघितले असावेत. पोळ्याच्या भांडणातही ते जोडलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तेव्हा कुलूप उघडायच्या आधीच ओट्यावर माणसं उभी होती, तोंडातून वाफा सोडत. लाईट होती, ही देवाची कृपा. उखर्डूनं घरी पाटीला धडा शिकवून उपयोग नव्हता; विजेच्या तारेतून वेगळी केली की ती सगळं विसरायची. म्हणून सोसायटीत बसून, बोटं आखडलेली असताना, त्यानं एकेक बटण दाबत पुन्हा शिकवलं. अक्का चरवी घेऊन ओळीत पहिली, पदर डोक्यावरून घट्ट. आज ती भावाकडे बघत नव्हती.

भाईदासनं बटण दाबलं. थंडगार मशीनला अक्काचं दूध पाजलं. खिडकीत लाल आकडा उमटला: सहा-शून्य.

"देखं?" कुंदाबाई म्हणाली. "परीक्षा काल व्हती ना!"

"आज बी शे," उखर्डू म्हणाला आणि खाली बसून खडू ओढू लागला.

पहिल्या चार रेघा, मेंदूजवळच्या. आठाची रेघ ताठ पायरी चढली. म्हणजे मेंदू आठच म्हणत होता. दुसऱ्या चार, खिडकीजवळच्या. एकाची, दोनाची, चाराची, जशा तिकडे तशा इकडे, झोपलेल्या. आता आठाची. उखर्डूनं बटण दाबलं, वाचलं, खडू टेकवला. रेघ निघाली ती सरळच निघाली. एकदाही पायरी चढली नाही.

"मेंदू म्हनस आठ," उखर्डू उभा राहत म्हणाला, "अनी खिडकीले ऐकूच येस नही."

भाईदासनं चष्मा लावून आत डोकं घातलं. दोन टोकांच्या मधे, पट्टीवर एक हिरवट डाग होता, तांब्याचं भांडं आंबट ताकात राहिलं की चढतो तसा. कधीतरी मशीनवर दूध सांडलं होतं, आत ओघळलं होतं, तिथंच आंबलं होतं आणि त्यानं तांब्याची ती बारीक तार खाऊन केसाएवढी भेग पाडली होती. मशीन तापलं की भेग मिटायची, गारठलं की उघडायची. भाईदासनं काडेपेटीतली काडी घेतली आणि डागावर हलकेच दाबली.

खिडकीतला शून्य मिटला आणि तिथं आठ उभा राहिला. काडी उचलली, शून्य. दाबली, आठ. भाईदास पुन्हा पुन्हा तेच करत राहिला आणि दर वेळी ओटा "अय्यो" म्हणत राहिला.

"म्हणजे पाणी कुणीच घातलं नाही," भाईदास शेवटी म्हणाला. "दुधानंच दुधावर आळ घेतला." मग तो वळला, पेचकस खिशात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंजुळाअक्का, चुकलं आमचं. मीटिंगमधे तुमचा विषय निघणार, पण माफीचा."

अक्कानं मान हलवली आणि चरवी पुढं केली. "मोजी ल्या. म्हैस वाट देखी ऱ्हायनी."

गल्लीचा संशय काय लगेच मरतो? त्यानं फक्त घर बदललं. मशीनवर दूध सांडलं कुणी, ह्याचा शोध सुरू झाला. कुंदाबाई शपथा घेऊ लागली आणि जितक्या घेतल्या तितकी तिच्याकडे बोटं वळू लागली. शिवाय आपल्या दुधाचे आजवर किती आठ गेले, ही चुटपुट तिला लागली ती लागलीच. मशीन दुरुस्त होऊन आलं तरी ती ओळीत मुद्दाम शेवटी उभी राहायची. 'तापू द्या, तापू द्या' म्हणत.

उखर्डू त्या सकाळी पाटी काखेत घेऊन अक्काच्या दारात आला. वाटेत दोघातिघांनी रामराम घातला, त्याच्या मागं कुणी नव्हतं. तरी सवयीनं वळून बघितलं. अक्का चुलीपुढं होती.

"निंघनं ना खरं?" तो म्हणाला.

"खरं तर पहिलेथून व्हतं," अक्का म्हणाली. "मी सांगं तवय तुले पटनं नही. तारनी सांगं तवय पटनं."

तो उंबऱ्यावर बसला. पाटीच्या तारा गुंडाळायला घेतल्या, गुंडाळल्या, सोडल्या, पुन्हा गुंडाळल्या. जोडलेले हात भाईदासपुढं निघाले होते. इथं ते तारांतच अडकले. अक्कानं थोडा वेळ ते बघितलं. मग चहाला काढलेल्या दुधाची वाटी घेऊन उठली, त्याचा डावा हात ओढला, पदरानं अंगठा खसखसून पुसला, पेस्टचा अंश राहू नये असा, आणि नखावर एक थेंब ठेवला.

थेंब मोत्यासारखा उभा राहिला.

"देखं?"

"हां."

"मंग आते चहा पे."

तेव्हापासून आजतागायत उखर्डू अक्काकडे चहाला गेला की आधी नख, मग कप. चुकत नाही. नवीन माणसाला वाटतं, ह्या घराण्याचा हा काहीतरी रिवाज असावा. उखर्डू मान खाली घालून अंगठा पुढं करतो आणि अक्का थेंब ठेवताना त्याच्या तोंडाकडे बघत असते, नारळवाल्याच्या तोंडाकडे तो बघायचा ना, अगदी तशी.